निंदकाचे घर नेमके कुठे असावे?

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडे एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचली जाते. पंधरा-सोळा माणसे असतात: दोन निवृत्त शिक्षक, गिरणी बंद पडल्यानंतर किराणा दुकान टाकलेले एक गृहस्थ, काही गृहिणी, एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मागे भिंतीला टेकून बसणारा मी. पाच-दहा ओव्या वाचायच्या, अर्थ लावायचा आणि ज्याला जे अडले ते त्याने विचारायचे, असा साधा क्रम आहे. मध्यंतरी या बैठकीला विवेकवादी विचारांचा एक तरुण येऊ लागला. वाचन चांगले, बोलणे सभ्य, आवाज कधी चढला नाही. मात्र ओवी कोणतीही असो, त्याचा प्रश्न एकच असे, की याला पुरावा काय? पहिल्या गुरुवारी चर्चा रंगली, दुसऱ्या गुरुवारी तापली आणि पुढे ओव्या बाजूलाच राहून प्रत्येक बैठक ईश्वर आहे की नाही या एकाच वादात संपू लागली.

त्याच सुमारास, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या यायच्या थांबल्या. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मला विचारायचं होतं, की एवढं सगळं करून देवानं माझ्याच पदरात हे का टाकलं. पण त्या पोरासमोर विचारलं असतं, तर माझी शंका त्याच्या खात्यावर जमा झाली असती."

श्रद्धावंतांना आपापसांत बोलण्यासाठी, बाहेरच्या टीकेपासून मोकळी अशी जागा लागते का, आणि लागत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. तोपर्यंत मी या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ऐकत आलो होतो. सत्याला टीकेची भीती कशाला, असे एक बाजू म्हणते. आमच्या श्रद्धेत बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, असे दुसरी म्हणते. दोन्ही उत्तरे घाईची आहेत, आणि अक्कांच्या अडचणीवर दोन्हींचा उपयोग नाही. त्यांना टीकेची भीती नव्हती, कारण तरुणाच्या प्रश्नापेक्षा त्यांचा स्वतःचा प्रश्न अधिक कठोर होता. तो प्रश्न आपला म्हणून विचारता येईल, कोणाच्या विजयाचे साधन होणार नाही, एवढीच जागा त्यांना हवी होती.

पुढे जाण्यापूर्वी एक गुंता सोडवला पाहिजे. 'टीकेपासून मुक्त' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. या माडीवर, या दोन तासांत, आम्ही आमच्या विषयावर बोलू, ज्यांना तो विषयच मान्य नाही त्यांनी तेवढा वेळ थांबावे, ही पहिली मागणी. आमच्या देवाविषयी, ग्रंथाविषयी किंवा गुरूविषयी कोणीही, कुठेही, कधीही टीका करू नये, ही दुसरी. आणि आमच्यापैकी कोणी बाहेरचे ऐकू नये, आत शंका काढू नये, ही तिसरी. पहिली मागणी एका खोलीपुरती आहे, दुसरी साऱ्या जगाकडून आहे आणि तिसरी आपल्याच माणसांकडून आहे. बहुतेक वाद असे घडतात, की तोंडाने पहिली मागणी केली जाते आणि वसुली दुसरीची किंवा तिसरीची होते. टीकाकारही उलट बाजूने तीच चूक करतात: दुसरी मागणी फेटाळायची म्हणून पहिलीही फेटाळतात आणि आपल्याला हरिपाठातसुद्धा उभे राहून भाषण करण्याचा अधिकार आहे असे धरून चालतात.

पहिली मागणी नवी नाही आणि ती केवळ हळव्या भाविकांचीही नाही. तर्काचे शास्त्र ज्यांनी घडवले, त्या नैयायिकांनी तिचा विचार केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करत राहणे म्हणजे वितंडा. आपण आज 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द इथूनच आला. यांपैकी वाद कोणाशी करावा, हेही सूत्रकार सांगतात: गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा असलेले, मनात असूया नसलेले लोक. म्हणजे सत्यशोधनाच्या चर्चेला निमंत्रितांची यादी होती, आणि ती तर्कशास्त्राच्याच ग्रंथात होती.

मग जल्प आणि वितंडा यांचे काय करायचे? त्यांना सूत्रकारांनी हाकलून दिले नाही. बी उगवत असताना त्याच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी या दोहोंचा उपयोग करावा, असे ते म्हणतात. सोलापूरकराला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे कडुनिंबाचे रोप लावले की भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या जातात, नाहीतर शेरडे आठवड्याभरात ते खुडून टाकतात. मात्र त्याच शेतकऱ्याला हेही ठाऊक असते, की झाड डोक्याएवढे झाले की काट्या काढायच्या असतात, आणि कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुठे मागावी हा प्रश्न तर आपल्या म्हणीतच आहे.

या परंपरेत आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. शास्त्रग्रंथात आपला सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे विरोधकाचे म्हणणे. ते जितके बळकट मांडाल तितका सिद्धान्त बळकट, अशी समजूत होती. ईश्वर आणि वेद न मानणारे चार्वाक ज्या बैठकीत नसत, तिथेही त्यांचे म्हणणे हजर असे. विरोधक व्यक्तीला दाराबाहेर ठेवणे आणि विरोधी विचाराला दाराबाहेर ठेवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंद खोलीचा बचाव करणाऱ्याने आपण यांपैकी काय करतो आहोत हे स्वतःला विचारले पाहिजे. (पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे, हे मान्य करतो.)

बिनबोलावता आलेल्या टीकाकाराची एक कथा तर आपल्या तळ्याच्या काठावरच घडलेली आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, सोन्नलिगे येथे तळे खोदून घेत होते. सोन्नलिगे हे सोलापूरचे जुने नाव. अल्लमप्रभू नावाचे फिरते शिवयोगी तेथे आले आणि माती खणणारा तुमचा तो रामय्या कुठे आहे, अशा उपरोधिक शब्दांत त्यांनी चौकशी केली. गुरूचा अपमान ऐकून कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. सिद्धराम स्वतः संतापून धावून आले. त्यानंतर दोघांमध्ये जो संवाद झाला, त्यातून सिद्धराम तळी आणि देवळे बांधण्याच्या कर्मयोगापलीकडचा विचार करू लागले आणि अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला, गेले. ही कथा पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात आहे. ती प्रसंगानंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली गेली, त्यामुळे तिच्याकडे इतिहासाचा कागद म्हणून पाहता येणार नाही. एका संप्रदायाने टीकेविषयी स्वतःला काय सांगून ठेवले आहे, ते मात्र तिच्यातून कळते.

टीकेचा कैवारी या कथेतून म्हणेल, की पाहा, बाहेरून आलेल्या झणझणीत शब्दांनीच सिद्धराम जागे झाले. ते खरे आहे. पण दोन बारकावे सुटू नयेत. अल्लमप्रभू बाहेरून आले तरी ते शिवभक्तच होते. सिद्धराम ज्या गोष्टीला मोल देत होते, त्याच गोष्टीच्या नावाने त्यांनी सिद्धरामांना हटकले. आणि पुढचा विचार तळ्याच्या काठावर, दगड हातात घेतलेल्या जमावासमोर पूर्ण झाला नाही. तो कल्याणला, शरणांच्या, म्हणजे बसवण्णांभोवती जमलेल्या शिवभक्तांच्या, सहवासात झाला. इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा घ्यावी की नाही, हा सिद्धरामांचा प्रश्न तिथल्या चर्चेत सुटला आणि चन्नबसवण्णांनी त्यांना दीक्षा दिली, असे परंपरा सांगते. टीकेचे बी उघड्यावर पडले आणि आडोशाला रुजले.

ज्याला अनुभवमंटप म्हणतात ती बसवण्णांची शरणसभा या दृष्टीने मोठी बोलकी आहे. ती श्रद्धावंतांची सभा होती. शिव मानावा की नाही, यावर तिथे रोज मतदान होत नसे. मात्र आतली चौकशी कठोर होती. अक्कमहादेवी तेथे आल्या तेव्हा त्यांचे स्वागत हारतुऱ्यांनी झाले नाही. शून्यसंपादनेत अल्लमप्रभू त्यांना एकामागून एक अवघड प्रश्न विचारतात आणि त्या प्रत्येकाला उत्तर देतात. सभेत नावाडी होते, चांभार होते, धोबी होते, स्त्रिया होत्या. दार श्रद्धेचे होते, जातीचे नव्हते. पुढे सिद्धराम त्या सभेच्या शून्यसिंहासनावर बसले, म्हणजे ज्याला एकदा बाहेरच्याने हटकले, तोच पुढे आतला प्रमुख झाला.

सोलापुरात अशा आडोशाच्या जागा कोणीही न ठरवता तयार झालेल्या आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. श्रावणात मठातून कन्नड पुराण चालते, पूर्व भागात तेलुगू प्रवचन होते, शुक्रवारी मशिदीत खुतबा होतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या मराठी माणसाला त्यातले फार तर चार शब्द कळतात. भाषेचा पडदा पुरेसा असतो. दाराला कडी घालावी लागत नाही. उलट संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळे उघड असते. नंदीध्वज रस्त्यावरून जातात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला कोणीही उभा राहतो, कोणी हात जोडतो, कोणी नुसता पाहतो, कोणी घरी जाऊन या खर्चावर टीकाही करतो. धर्माला अंगण असते आणि माजघरही असते. अंगणात आलेल्याने काय बोलावे यावर घरधन्याचा फारसा ताबा चालत नाही. माजघराचे तसे नाही. निंदकाचे घर असावे शेजारी, असे आपण सहज म्हणतो, पण त्यातल्या 'शेजारी' या शब्दावर थांबत नाही. निंदक गावाबाहेर नको, तसाच तो माजघरातही नको. भिंतीला भिंत लागून हवा, म्हणजे त्याचे बोलणे ऐकू येईल आणि आपले दिवाबत्तीचे कामही चालेल.

इथवर मी बंद खोलीच्या बाजूने बोललो. आता तिच्या विरुद्ध जो मुद्दा मला खरोखर अडचणीचा वाटतो, तो सांगतो, आणि त्यासाठी पंढरपूरला जावे लागते.

आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवणार कोण? चोखोबा विठ्ठलाचे भक्त नव्हते असे त्यांच्या काळातल्या कर्मठांनाही म्हणता आले नसते. तरीही ते आयुष्यभर देवळाबाहेर राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याची श्रद्धा सर्वांत कसाला लागली, तोच बाहेरचा ठरला. म्हणजे 'बाहेरचे' हा शब्द प्रत्येक वेळी श्रद्धेवरून ठरत नाही. बरेचदा तो कडी ज्याच्या हातात आहे त्याच्या सोयीवरून ठरतो. आणि एकदा चोखोबांना बाहेर ठेवले, की चोखोबांची तक्रार ही आपोआप 'बाहेरची टीका' होते. हा डाव इतका सोपा आहे की खेळणाऱ्यालाही तो डाव वाटत नाही.

साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले होते. विरोध करणाऱ्यांच्या दृष्टीने ही देवळाच्या कारभारात केलेली बाहेरची ढवळाढवळ होती. पण गुरुजी नास्तिक नव्हते, त्यांची भाषा भक्तीचीच होती, आणि उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्यांच्याच घरात. दार उघडले ते बाहेरच्या दडपणाने की आतल्या साक्षीने, याचा हिशेब लावणे अवघड आहे. एकट्या कोणाच्यानेही ते उघडले नसते असे मला वाटते. बंद खोलीचे समर्थन करताना हा प्रसंग विसरणारा माणूस मला अर्धवट वाटतो, आणि केवळ हाच प्रसंग सांगून प्रत्येक खोलीचे दार काढून टाकायला निघालेला माणूसही.

ज्ञानाच्या बाबतीत असाच एक प्रसंग जैन समाजात घडला आणि त्यात सोलापूरचा वाटा आहे. कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, धवला, जयधवला आणि महाधवला या दिगंबर परंपरेतील अत्यंत महत्त्वाच्या ग्रंथांच्या ताडपत्री शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. ते ग्रंथ दर्शनासाठी होते, वाचनासाठी नव्हते. सिद्धान्तग्रंथ वाचण्याचा अधिकार गृहस्थाला नाही, असे मानणारेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ताडपत्रींच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट सुरू केली. ते काम अनेक वर्षे रेंगाळले. अखेर १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली षट्खंडागम हा मूळ ग्रंथ धवला या त्यावरील भाष्यासह आणि हिंदी अनुवादासह छापला जाऊ लागला. पुढे सोलापुरात जीवराज गौतमचंद दोशी यांच्या पुढाकाराने जैन संस्कृती संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली आणि आज जगभरचे अभ्यासक, त्यात जैन नसलेले आणि जैन मताची चिकित्सा करणारेही आले, ही पुस्तके वापरतात.

या हकिगतीला दोन बाजू आहेत. शतकानुशतके बंद दाराआड ठेवले म्हणून ते ग्रंथ वाचले, हे निर्विवाद आहे. पण वाचले याचा अर्थ टिकले एवढाच. कोणी ते वाचत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण मुठीत खरोखर सव्वा लाख असले तर ते न उघडण्याने कोणाचेच भले होत नाही. आणि ती मूठ उघडली ती त्या धर्मावर जिवापाड श्रद्धा असलेल्या माणसांनी.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते थोडक्यात पाहू. संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. कलम २६ धार्मिक संप्रदायांना धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क देते. कायदेशीररीत्या चाललेल्या पूजेत किंवा धार्मिक विधीत जमलेल्या लोकांना मुद्दाम अडथळा आणणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० मध्ये आहे. वर सांगितलेली पहिली मागणी कायद्याने बऱ्याच अंशी मान्य केलेली आहे, ती अशी.

दुसरी मागणी कायद्याने त्याच सहजतेने मान्य केलेली नाही. ज्याला लोक भावना दुखावण्याचे कलम म्हणतात, ते २९५-अ १९२७ मध्ये आले; लाहोरमधील एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळाची त्याला पार्श्वभूमी होती. आता ते न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण तसे करताना त्याची मर्यादाही सांगितली: नकळत, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान त्यात येत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने, धार्मिक भावना भडकवण्यासाठी केलेला अपमान येतो. सभ्य किंवा अगदी बोचऱ्या टीकेला बंदी असा त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्षात तक्रारी कशा दाखल होतात आणि माणसाला किती फेऱ्या माराव्या लागतात, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे.

तिसऱ्या मागणीबाबत आपल्या राज्याचा अनुभव बराच जुना आहे. जमातीबाहेर टाकण्याच्या प्रथेवर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायद्याने बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २६ चा आधार घेऊन तो कायदा रद्द ठरवला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा हा प्रश्न आजही न्यायालयापुढे आहे; २०२३ मध्ये तो मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरच्या लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, अशी शिक्षा जिथे मिळते, तिथली शांतता सहमतीची आहे की धाकाची, हे बाहेरून ओळखू येत नाही.

जादूटोणाविरोधी म्हणून ओळखला जाणारा २०१३ चा कायदा या संदर्भात लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. त्याच्या मसुद्यावर वर्षानुवर्षे वाद झाला, वारकरी मंडळींपैकी अनेकांनी हरकती घेतल्या, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो मंजूर झाला. त्यात श्रद्धेवर काही म्हटलेले नाही. परिशिष्टात ठरावीक कृत्यांची यादी आहे, आणि यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे स्वतंत्र कलमात स्पष्ट नोंदवले आहे. कीर्तनाच्या मांडवात कायदा शिरत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्र घालणाऱ्याच्या झोपडीत मात्र शिरतो. ही रेघ मला बरोबर वाटते. खोलीत काय बोलले गेले हे खोलीतल्यांचे. पण तिथे ठरलेल्या गोष्टीची किंमत जर एखाद्या मुलाला, आजारी माणसाला किंवा विरोध करण्याची ताकद नसलेल्या सुनेला मोजावी लागत असेल, तर ती गोष्ट खोलीतली राहिली नाही.

माझ्या मनात म्हणून तीन-चार प्रश्न पक्के झालेले आहेत, आणि कोणत्याही बंद बैठकीकडे मी त्यांच्या आधाराने पाहतो. आत आलेल्याला उठून जाता येते का, आणि गेल्यावर त्याच्या घराशी लोक बोलतात का? आतल्या आत सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला प्रश्न विचारता येतो का? विरोधकाचे म्हणणे तिथे कधी मांडले जाते का, निदान पूर्वपक्ष म्हणून? आणि बैठक कधीतरी संपते का, की माणसाचे सगळे आयुष्यच त्या खोलीत जाते? तालमीत पैलवान घाम गाळत असताना बघ्यांनी हुर्यो करू नये, हे कोणीही मान्य करील. पण जो पैलवान मैदानात कधी उतरतच नाही आणि तालमीतल्या कुस्त्यांवरच गदा मिरवतो, त्याला गावात काय म्हणतात तेही आपल्याला माहीत आहे.

टीका आत आणण्याची सोय काही धर्मसंस्थांनी स्वतःहून केलेली दिसते. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी नेमण्याची पद्धत १५८७ मध्ये पक्की झाली. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३ मध्ये त्या पदाचे महत्त्व बरेच कमी केले गेले. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या धर्मपरिषदेला इतर पंथांचे निरीक्षक निमंत्रित होते. त्यांना मत देता येत नव्हते, पण ते ऐकत होते, आणि ऐकणारा समोर असला की बोलणाऱ्याची भाषा बदलते.

बोलावून आणलेल्या टीकाकाराचे उदाहरण तर सोलापूरचेच आहे. १ जानेवारी १९३८ रोजी येथील ख्रिस्ती समाजाच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. धर्मांतराची घोषणा करून त्यांना दोन वर्षे झाली होती आणि ते कोणता धर्म निवडणार याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले होते. पाहुणा गोड बोलला असता तर यजमानांना आनंदच झाला असता. बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचा आपला आदर सांगितला, आणि त्याच भाषणात, समाज म्हणून तुम्ही राजकारणापासून अलिप्त राहता, अन्यायाविरुद्ध लढत नाही, असेही सुनावले. ते सभेत बोलले ते आमंत्रणावरून, यजमानांना जे प्रिय आहे ते समजून घेऊन, आणि तरीही न कचरता. अशी टीका कानावर पडावी यासाठी खोलीचे दार अधूनमधून उघडे हवे, आणि बोलावण्याचे धैर्य खोलीतल्यांकडे हवे.

अलीकडे या सगळ्यावर एक नवी अडचण आली आहे. गावच्या सप्ताहात कीर्तनकार समोरच्या ओळखीच्या मंडळींना हसवतो, चिमटे काढतो, कधी मर्यादा सोडतो. मांडवातला एखादा मोबाइलवर ते चित्रित करतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा अशा माणसांपुढे जातो ज्यांनी ना कीर्तन ऐकले, ना तो अभंग. त्यांना राग येणे स्वाभाविक आहे. पण यातून कधीकधी चांगलेही घडते, कारण मांडवात स्त्रियांविषयी किंवा दुसऱ्या जातीविषयी जे वर्षानुवर्षे टाळ्यांवर खपत होते, त्याचा जाब आता विचारला जातो. जे बोलणे चारचौघांत आणण्यासारखे नाही ते आतही बोलण्यासारखे होते का, हा प्रश्न योग्यच आहे. त्याचबरोबर ज्याला चाचपडत, चुकत, दुरुस्त होत विचार करायचा आहे, त्याच्यासाठी मोबाइल नसलेली एखादी बैठक राहिली पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. आमच्या माडीवर आता मोबाइल जिन्यापाशी एका टोपलीत ठेवावे लागतात. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त कुरकुर मीच केली.

त्या तरुणाला कोणी येऊ नको म्हटले नाही. शिक्षकांपैकी एकांनी त्याच्या घरी जाऊन त्याला अक्कांचे नाव न घेता अडचण सांगितली, आणि तो क्षणभर गप्प राहून म्हणाला, की हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. ठरले ते असे, की तीन गुरुवार वाचनाचे, आणि महिन्याचा शेवटचा गुरुवार खुला. त्या दिवशी कोणीही यावे, काहीही विचारावे, आणि आम्ही उत्तर न देता उठायचे नाही. पहिल्या खुल्या गुरुवारी आमची पुरती दमछाक झाली. पुढच्या महिन्यापासून आम्ही तयारी करून बसू लागलो, त्यासाठी त्याचे मुद्दे आम्हालाच आधी आपापसांत मांडावे लागले, आणि एकदा तर किराणा दुकानवाल्या गृहस्थांनी त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडला.

अक्का आषाढी झाल्यावर परत आल्या. वाचनाच्या गुरुवारी, ओव्या संपल्यावर, त्यांनी आपला प्रश्न विचारला. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, मग दोघे-तिघे बोलले, आणि त्यांतल्या एकाने आपलाही देवावरचा विश्वास मध्ये दोन वर्षे उडाला होता असे पहिल्यांदाच सांगितले. कोण काय म्हणाले, ते मात्र येथे लिहीत नाही. ते त्या माडीवरचे बोलणे होते.